दोऱ्यावरचं इंटरनेट

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावर आहे तोवर साष्टांग. समोर आले की कमरेपर्यंत वाकेन, पुढचं गुडघ्यांच्या मर्जीवर.) तुझी तब्येत उत्तम असणार. ती बिघडली असती तर वहिनींच्या आवाजातून मला केव्हाच कळलं असतं. तुझा खोकला, तुझं डावं कोपर आणि तुझा स्वभाव आपापल्या जागी असावेत अशी आशा करते आणि मुद्द्यावर येते. पत्रच का, असं विचारू नकोस. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिल्यावर निवृत्तीत फोनला हात लावायचा नाही असा जो पण तू केला आहेस, तो मोडायची ताकद सख्ख्या बहिणीतही नाही. मागच्या वेळी मी सतरा वेळा रिंग दिली आणि तू शेजारच्यांना सांगितलंस की कुणाचा तरी फोन वाजतोय.

मी बरी आहे, फक्त बसवत नाही. आठवडाभर दोन मिनिटं एका जागी टेकलेली नाही. जेवायला बसले की टेबलाखाली पाय आपोआप मशीन चालवायला लागतात. काल वरणाची वाटी त्यापायीच सांडली. आत्ताही शाळेच्या शिवणाच्या खोलीत एका मशीनच्या फळीवर कागद ठेवून लिहिते आहे, आणि अक्षर नाचलेलं दिसलं तर तो दोष पायांचा आहे असं समज. (थांब, कुणीतरी हाक मारतंय. आले. काही नाही, दाराचा दुसरा पल्ला उघडायचा होता.)

तर झालं असं. गेल्या शुक्रवारी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण मोठ्या त्याच. त्यांनी एका दमात तीन गोष्टी सांगितल्या. शिवण हा विषय वेळापत्रकातून गेला. शिवणाच्या खोलीत आता संगणकाची खोली होणार. आणि माझी बारा पायमशिनं पुढच्या शनिवारी दुपारी बाराला भंगारवाला येऊन नेणार. चौथी गोष्ट मीच विचारली, की मग माझं काय. त्यावर त्या म्हणाल्या की संगणकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या आता परत येणार नाहीत आणि गुरुवारी तपासणीस येणार आहेत. त्यांच्यासमोर 'संगणक नेटवर्क आणि इंटरनेटची ओळख' हा धडा मी धड शिकवला, तर निवृत्तीपर्यंत उरलेली तीन वर्षं मी संगणकाची बाई. नाही शिकवला तर मी अतिरिक्त, आणि अतिरिक्त बाईंना सध्या जुन्या पाठ्यपुस्तकांच्या गोदामात पाठवतात, जिथे बोलायला फक्त वाळवी असते. आता मला नोकरीही हवी होती आणि मशिनंही. एकोणतीस वर्षं मी या खोलीत त्या बारांचा आवाज ऐकते आहे. कुठलं मशीन चाललंय हे मला पाठमोरीला कळतं. त्यांना चेपून, तोडून, वजनावर विकलेलं मला बघवणार नव्हतं. हे मी मोठ्या बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला पाणी प्यायला दिलं असतं, म्हणून सांगितलं नाही. नुसतं बरं म्हटलं आणि बारा पानांची पुस्तिका घेऊन बाहेर पडले.

त्यातली मुख्य गंमत तुला सांगते. संगणक शिकवायचे होते, पण शाळेत संगणक नव्हते. खोली झाली की येणार, असं ठरलं होतं, आणि खोली मशिनं गेली की होणार होती. एकुलता एक संगणक मोठ्या बाईंच्या कचेरीत, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला. ते कापड मीच शिवून दिलेलं आहे, चार वर्षांपूर्वी, आणि ते काढलेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची ओळख करून द्यायची होती. पुस्तिका उघडली तर पहिल्याच वाक्यात पाच शब्द अनोळखी निघाले. मग संगणकाच्या बाईंना फोन लावला. त्यांनी बिचारीने कडेवर बाळ घेऊन सगळं सांगितलं, पण प्रत्येक वाक्याचा शेवट बाळाने खाल्ला. एवढं मात्र समजलं. दोन किंवा जास्त संगणक एकमेकांशी बोलू लागले की ते नेटवर्क. अशी पुष्कळ नेटवर्कं एकमेकांना जोडली की ते इंटरनेट. जो मागतो तो क्लायंट. जो मागितलेलं आणून देतो तो सर्व्हर. (म्हणजे तुमच्या घरात तू क्लायंट आणि वहिनी सर्व्हर. मागच्या महिन्यात त्यांची पाठ धरली होती तेव्हा तू दोन दिवस कोरडा पाव खाल्लास, त्याला सर्व्हर बंद पडणं म्हणतात. ही व्याख्या मला एकदा कळली ती कायमची.)

पुढचं प्रकरण वाचताना मला सारखी तुझी आठवण येत होती, आणि तुला राग येईल म्हणून जरा जपून लिहिते. तुमच्या एक्स्चेंजची पद्धत साधी होती. एकाला दुसऱ्याशी बोलायचं की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाट त्यांच्या नावाने राखून ठेवायची. मग ते बोलोत, भांडोत की नुसते श्वास घेत बसोत, तिसऱ्याने त्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. इंटरनेटला असली श्रीमंती परवडत नाही. तिथे निरोपाचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणायचं. पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि हा कितवा तुकडा आहे तो क्रमांक लिहायचा आणि द्यायचं सोडून. वाटेत चौकाचौकात राउटर नावाचं यंत्र बसलेलं असतं. ते पत्ता बघतं आणि जी वाट मोकळी असेल त्या वाटेने पॅकेट पुढे ढकलतं. एक तुकडा इकडून, दुसरा तिकडून. शेवटी पोचलेले तुकडे क्रमांकाने लावायचे, एखादा नसला तर पुन्हा मागवायचा. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटला. सबंध निरोप नीट पाठवायचा सोडून फाडून कशाला पाठवायचा. मग लक्षात आलं की मी तरी काय करते. सबंध झगा मशीनखाली कधी घातलाय? बाही वेगळी, पाठ वेगळी, गळा वेगळा, सगळ्यांवर खडूने खूण आणि शेवटी जोडणी. तेव्हा मला या विषयाची भीती वाटेनाशी झाली आणि तिथेच माझं चुकलं.

(पुन्हा उठावं लागलं. मधे उंबऱ्याला काहीतरी अडकलं होतं. आता या कोपऱ्यात फारच उजेड यायला लागलाय, डोळ्यांवर येतो.)

सोमवारी मी खोलीत दोऱ्याचं जाळं बांधलं. जाड पांढरा दोरा, एका मशीनपासून दुसऱ्यापर्यंत ताणून. पॅकेट म्हणून रिकामी रिळं. चिठ्ठी रिळात गुंडाळून खुपसायची आणि रीळ दोऱ्यावरून सरकवायचं. (एकोणतीस वर्षांची रिकामी रिळं माझ्याकडे तीन खोकी आहेत. तू दर वेळी विचारायचास की यांचं काय करणार आहेस, त्याचं हे उत्तर.) चार मशिनांवरच्या मुली राउटर झाल्या. त्यांच्यासमोर एकेक तक्ता चिकटवला, कुठला पत्ता आला तर रीळ कुठल्या दोऱ्यावर घालायचं त्याचा. बाकीच्या मुली संगणक. पुस्तिकेत प्रोटोकॉल नावाचा एक शब्द फार वेळा आला होता. त्याचा अर्थ मी मुलींना सांगितला, की सगळ्यांनी एकाच रीतीने वागायचं, स्वतःची अक्कल मधे घालायची नाही. हे वाक्य मी तीनदा सांगितलं. पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

मंगळवारी रंगीत तालीम घेतली. पाठवायला एखादा निरोप हवा होता. मी विचार न करता फळ्यावर लिहिलं, 'उद्या शाळेला सुट्टी आहे.' मुलींनी त्याचे चार तुकडे केले, रिळं पळाली, शेवटच्या बाकावर निरोप बिनचूक जुळला आणि माझी छाती दोन इंच फुगली. माप तेव्हाच घ्यायला हवं होतं, पुढे ती तेवढी राहिली नाही. शेवटचं बाक खिडकीपाशी आहे आणि खिडकीपलीकडे सातवीचा वर्ग. तिथल्या मुलींना आमचा खेळ इतका आवडला की त्यांनी आमच्या दोऱ्याचं टोक ओढून आत घेतलं आणि आपल्या बाकांना बांधलं. सातवीपासून चित्रकलेच्या खोलीत, तिथून व्हरांड्यातून पाचवीत. शिपाई सांगत होता की दोरा मधल्या सुट्टीपर्यंत वरच्या मजल्यावर पोचला होता. आमच्या एका नेटवर्कला दुसरं जोडलं गेलं, दुसऱ्याला तिसरं, आणि मला कळायच्या आत शाळेत इंटरनेट झालं. निरोपही अर्थात गेला. बुधवारी निम्मी शाळा घरी होती. मोठ्या बाई रिकाम्या वर्गांवरून चालत माझ्या खोलीत आल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक ताणलेला दोरा बोटाने उचलून सोडून दिला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या तपासणीस येतायत, बाई. गोदामाची किल्ली मी काढून ठेवते." मी म्हटलं की इंटरनेटवर खोटी बातमी किती लवकर पसरते हे मुलींना आता आयुष्यभर लक्षात राहील. त्यांना ते पटलं नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरात चालत राहिले. ओट्यापासून दारापर्यंत नऊ पावलं होतात. शंभर फेऱ्या तरी झाल्या असतील. मला खरंच भीती वाटत होती, दादा. गोदामाची तेवढी नाही. बाराला भंगारवाला येईल आणि मी तिथे नसेन, मशिनं फरपटत नेताना कुणी त्यांचे पट्टेसुद्धा काढून ठेवणार नाही, याची.

गुरुवारी तपासणीस वेळेआधी वीस मिनिटं आले. उंच, वाळलेले, हातात वही, तोंडावरची माशी हलणार नाही असे. त्यांना बसायला कुणी खुर्ची आणली तर ती कचेरीतली, मोडक्या पायाची. ते बसले की एका बाजूला कलायचे आणि दुसऱ्या बाजूला कललं की वही घसरायची. मी मुलींना आधीच बजावलं होतं की आज खोटा निरोप नाही. म्हणून तपासणीसांनाच विनंती केली, की सर, आपल्या मनातला खरा निरोप आपणच लिहा, आमचं नेटवर्क तो कचेरीत मोठ्या बाईंपर्यंत पोचवेल. (कचेरीपर्यंतचा दोरा झरोक्यातून नेला होता. मोठ्या बाई टेबलापाशी वाट बघत बसल्या होत्या.) त्यांनी क्षणभर विचार केला आणि जे मनात होतं ते लिहिलं. सहा तुकडे झाले. पहिला, 'मुख्याध्यापिका बाई'. दुसरा, 'माझी खुर्ची'. तिसरा, 'डगमगते आहे'. चौथा, 'कृपया'. पाचवा, 'ताबडतोब दुसरी'. सहावा, 'पाठवावी'. प्रत्येक चिठ्ठीच्या कडेला अर्धा इंच जागा सोडून तिथे पत्ते आणि 'सहापैकी कितवा' ते लिहिलं. रिळं सुटली. एक डावीकडून, दोन खिडकीकडून, बाकीची मधून. बघण्यासारखं दृश्य होतं. तपासणीस कललेल्या अवस्थेत मान हलवत होते.

आता खोलीतला शेवटचा राउटर म्हणजे चौथ्या मशीनवरची मुलगी. तिला आम्ही टापटीप म्हणतो. अत्यंत गुणी मुलगी, हिच्या हातची टीप उसवायला मलाही चष्मा लागतो. तिच्याकडे रिळं आली. तिने चिठ्ठ्या काढल्या, आणि रिळं पुढे सरकवायची सोडून त्या सुट्या तुकड्यांकडे बघत बसली. तिचाही दोष नाही. तीन वर्षं मी हिच्या कानीकपाळी ओरडते आहे, की सुटे तुकडे खोलीबाहेर जाता कामा नयेत, जोडून मग द्यायचे. आणि नवशिक्या मुलींना पहिली टीप मी कापडावर नव्हे, कागदावरच मारायला लावते. शिवाय चिठ्ठीच्या कडेला अर्धा इंच जागा. शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. तिने ती माया समजली आणि आले त्या क्रमाने सगळे तुकडे मशीनखाली घालून एका पट्टीत शिवून टाकले. दुहेरी टीप. पत्ते आणि क्रमांक सगळे शिवणीच्या आत गेले. मी दुसऱ्या टोकाला तपासणीसांना पॅकेट म्हणजे काय ते समजावत होते. मशीनचा आवाज ऐकला, चौथं आहे हेही कळलं, पण माझ्या खोलीत मशीन चाललं तर मला ते विचित्र वाटत नाही. त्यातच दुसऱ्या क्रमांकाचं रीळ दोऱ्यावरून निसटून गडगडत कपाटाखाली गेलं होतं. तेही कुणी पाहिलं नाही.

पाच मिनिटांनी मोठ्या बाई आल्या. चालत नाही, धावत. चेहरा पांढराफटक, हातात फडफडणारी पट्टी. त्यांनी ती तपासणीसांसमोर धरली आणि म्हणाल्या की अठरा वर्षांच्या सेवेनंतर मला हे समोर सांगता आलं असतं. पट्टीवर तपासणीसांच्या वळणदार अक्षरात शिवलेलं होतं, 'कृपया मुख्याध्यापिका बाई डगमगते आहे ताबडतोब दुसरी पाठवावी'.   गोदाम, वाळवी आणि भंगारवाला एका रांगेत माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तपासणीसांनी पट्टी हातात घेतली. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. ती तुटली नाही. त्यांनी विचारलं, की हे कुणी शिवलं. टापटीप उभी राहिली. मला वाटलं आता ही रडणार. तपासणीस म्हणाले, "मग आता काय करायचं?"

"उसवायचं, सर," ती म्हणाली. "नंबर मायेत गेलेत."

आणि तिने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, ब्लेडने एकेक टाका उसवला. क्रमांक वर आले. चार, एक, तीन, पाच, सहा. तिने ते ओळीत लावले, बोट दुसऱ्या जागेवर आणून थांबवलं आणि कुणाला काही न विचारता एक कोरी चिठ्ठी घेऊन तिच्यावर लिहिलं, 'दोन मिळाला नाही, परत पाठवा', पत्ता घातला आणि रीळ उलट्या दिशेने सोडलं. ते फिरत फिरत तपासणीसांपाशी आलं. त्यांनी ते उघडलं, वाचलं, कलत्या खुर्चीवरच वही सावरत पुन्हा 'माझी खुर्ची' लिहून दिलं. सहा तुकडे जुळले. मोठ्या बाईंनी निरोप वाचला, मग पुन्हा वाचला, मग तपासणीसांच्या खुर्चीच्या पायाकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन कचेरीतली आपली खुर्ची घेऊन आल्या. ती गादीची आहे. तपासणीस सरळ बसले आणि वहीत काहीतरी बराच वेळ लिहीत होते. क्रमांक कशाला हवेत, हरवलेलं पॅकेट कसं कळतं आणि सगळ्यांनी एकाच रीतीने का वागायचं, हे मी आठवडाभर घसा कोरडा करून सांगितलं असतं तरी जे डोक्यात गेलं नसतं ते आमच्या चुकीने पाच मिनिटांत गेलं. हे माझं मत नाही, त्यांच्या शेऱ्यात आहे.

तर मी पास झाले. तीन वर्षं संगणकाची बाई. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इथे सुरू होतं. तपासणीस इतके खूश झाले की म्हणाले, अशा बाईंना दोऱ्यावर ठेवणं बरं नाही, मी खऱ्या संगणकांची सोय सोमवारीच करतो. म्हणजे खोली शनिवारीच रिकामी हवी. मी चांगलं शिकवल्यामुळे माझी मशिनं दोन दिवस आधीच पक्की मेली. तेव्हा मला राहवलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्या दोघांसमोर म्हटलं, की मशिनं भंगारात देऊ नका, मला द्या. मोठ्या बाईंनी नियम काढला. शाळेची वस्तू बाईंना घरी न्यायला मिळत नाही. तपासणीसांनी त्यावर दुसरा नियम काढला. शाळेबाहेर मुलींसाठी शिवणवर्ग चालत असेल तर मशिनं त्या वर्गाला देता येतात. जागा हवी, पत्ता हवा, आणि शनिवारी बाराच्या आत बारा मशिनं तिथे पोचल्याची सहीची पोच हवी. मोठ्या बाईंनी विचारलं, की जागा आहे का. मी डोळ्याची पापणी न हलवता आहे म्हटलं. त्यांनी पत्ता विचारला. मी तोही सांगितला.

बाकी सगळं ठीक. तुझ्या कोपराला शेक देत जा. वहिनींना नमस्कार सांग. पत्र लांबलं त्याबद्दल रागावू नकोस, तूच म्हणतोस ना की मी कधी सविस्तर लिहीत नाही.

तुझी धाकटी

ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ज्या गृहस्थांनी ते हातात दिलं ते टेम्पोचे चालक आहेत. त्यांना पाणी विचार. म्हणजे तू नाही विचारलंस तरी वहिनींनी विचारलं असेल.

पुन्हा ता. क. मी दिलेला पत्ता तुझा आहे. तुझा खालचा दिवाणखाना, ज्यात तू नवी फरशी बसवल्यापासून कुणालाही चपला घालून येऊ देत नाहीस आणि अनवाणीही बोलावत नाहीस. मला माहीत आहे, आधी विचारायला हवं होतं. नेटवर्कमध्येही सभ्य पद्धत तीच आहे. मोठं सामान पाठवण्याआधी समोरच्याला विचारायचं, तयार आहेस का. तो म्हणणार, आहे, तू आहेस का. मग आपण म्हणायचं, मीही आहे, आणि मग पाठवायचं. पण पुस्तिकेच्या अकराव्या पानावर दुसरीही एक पद्धत दिलेली आहे. तिच्यात काही विचारायचं नसतं. घाई असली की नुसतं पाठवून द्यायचं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास आणि ते नाही मला मोडता आलं नसतं. मोठ्या भावाचं नाही मी अजून मोडलेलं नाही. म्हणून तुला ते म्हणायची वेळच येऊ दिली नाही.

आणखी एक ता. क. पत्र इतकं लांब का, ते आता सांगून टाकते. तू आलेला कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीस, कंस दोनदा वाचतोस, आणि वरच्या मजल्यावरून तुला खालचं काही ऐकू येत नाही. टेम्पोवाल्यांना मी विचारलं, की बारा मशिनं उतरवायला किती वेळ लागतो. ते म्हणाले, दोन माणसं असली तर अर्धा तास. त्या हिशेबाने लिहिलं आहे. दिवाणखान्याची किल्ली गुरुवारी संध्याकाळपासून वहिनींच्या कमरेला आहे. त्या फरशीवर सतरंज्या अंथरते म्हणाल्या होत्या, तेव्हा ओरखड्यांची काळजी करू नकोस. वर्ग सोमवारी साडेचारला सुरू होतो. अठरा मुली आहेत. रागवायचं असेल तर सहानंतर रागव, तोवर त्या गेलेल्या असतील आणि मी एकटीच असेन.

शेवटचं ता. क. टेम्पोवाल्यांच्या खिशात पोच आहे. तिच्यावर 'बारा मशिनं मिळाली' असं छापून घेतलं आहे, तू खाली सही करायचीस आणि ती बाराच्या आत मोठ्या बाईंच्या टेबलावर यायची. सही झाली नाही तर सगळी परत येतील, आणि इथे फाटकाशी भंगारवाला येऊन उभा आहे. मला खिडकीतून दिसतोय. तू खाली गेलास की मोजशील, ते मला माहीत आहे. आयुष्यभर न मोजता तू कशावरही सही केलेली नाहीस. अकरा भरतील. सातवं मी पाठवलं नाही. ते उचलायला माणसं आली तेव्हा मी त्याच्यावर पत्र लिहीत होते, त्यांना म्हटलं थांबा, आणि मग थांबा म्हणतच राहिले. ते संगणकाच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यात आहे. त्याच्यावर मी फुलाफुलांचं कापड शिवून घातलं आहे. शाळेत कापडाखाली काय आहे ते कुणी उचलून बघत नाही. कुणी विचारलंच तर सर्व्हर आहे म्हणेन. दादा, मोज हवं तर, पण सही बाराची कर.